आधी काडी पाहावी, मग काच

संगणकावर चित्रे काढण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न हल्ली आपल्या महाविद्यालयात परीक्षेच्या वेळापत्रकाइतक्याच काळजीने विचारला जातो. मी संध्याकाळी एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामे करतो, एवढ्या भांडवलावर मला या विषयातला जाणकार समजण्यात येते. जाणकार मी नाही. पण गेल्या तीन वर्षांत निरनिराळ्या पाच-सहा यंत्रांवर हात चालवला आहे, त्यांतली दोन बिघडलेली पाहिली आहेत, आणि त्यामुळे मत मात्र पक्के झाले आहे. ते मत असे, की ज्याचा पडदा बोटाने चालतो आणि जो पाठीमागे दुमडून पाटीसारखा मांडीवर घेता येतो, असा तो टू-इन-वन लॅपटॉप आपल्यापैकी बहुतेकांनी घेऊ नये. आणि तरीही चित्रासाठी यंत्र घ्यावे, अवश्य घ्यावे. ही दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध वाटतील. ती तशी का नाहीत हे सांगण्यासाठीच संपादकांकडून ही पाने मागून घेतली आहेत.

आधी दुसऱ्या विधानाविषयी. "वारली चित्राला संगणक कशाला? त्याला कुडाची भिंत, गेरू आणि तांदळाचे पीठ पुरते," असे म्हणणारे बहुधा मुंबईहून आलेले पाहुणे असतात, आणि परत जाताना त्यांच्या अंगात त्याच चित्राचा छापील कुर्ता असतो. तो कुर्ता कोठे छापला, त्यावर नाचणारी माणसे कोणाच्या हातची, हे त्यांना ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. आज वारली चित्र छत्रीवर आहे, पडद्यावर आहे, चहाच्या कपावर आहे. कपावर चित्र उतरवायचे तर कारखानदाराला कागद नको असतो, फाइल हवी असते. आपल्याकडचा चित्रकार कागद किंवा कापड रंगवून देतो आणि त्याचे एकदाच पैसे घेतो. मग दुसरा कोणी त्याचा फोटो काढतो, संगणकावर त्याच्या कडा गिरवतो आणि त्या फाइलीचे पैसे पुन्हा पुन्हा घेतो. आमच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने अशी विकत घेतलेली फाइल आणली होती. तीत तारपा वाजवणाऱ्याने तारपा बासरीसारखा आडवा धरला होता! गिऱ्हाइकाला ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, "असू दे हो, लांबून कोणाला कळतंय?" आपल्याला कळते, हाच तर सगळा मुद्दा आहे.

२०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले ही मोठीच गोष्ट झाली. परंतु मानांकन हे एका प्रदेशाच्या आणि समाजाच्या कलेच्या नावाचे रक्षण करते. अमक्या मुलीने अमक्या दिवशी काढलेले चित्र तिचेच, हे ठरते १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने. तो हक्क सांगताना मूळ फाइल, तिचे सगळे थर आणि तारीख हाताशी असली म्हणजे बोलणे सोपे जाते. शिवाय १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला आणि येथे मोठ्या उद्योगांवर बंधने आली. झाडे आणि चिकूच्या वाड्या राहिल्या, फार चांगले झाले. पण आपली पोरे सकाळची गाडी पकडून बोईसरला नाहीतर वापीला जातात, हेही खरेच. घरी बसून, खाडीचा वारा खात, पाठवता येईल असे काम हवे असेल तर ज्या थोड्या वाटा आहेत त्यांतली ही एक आहे. तेव्हा यंत्र ही चैन आहे असे मी मानत नाही.

आणि कला भ्रष्ट होईल म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. भिंत सोडून वारली चित्र कागदावर आले ते १९७० नंतर. भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले, त्यांनी कागद दिला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी त्या कागदावर जे केले ते सगळ्या जगाने पाहिले. १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती चित्रे होती, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. परंतु त्याआधी हे काम मुख्यतः बायकांचे होते. लग्नात सवासिनी चौक लिहीत, चौकात पालघट बसे, लग्न उरकले की भिंत कालांतराने पुन्हा सारवली जाई. (माझी आत्या अजूनही चौक 'लिहायला' जाते. 'काढायला' म्हटले तर तिला राग येतो.) भिंतीवरून कागदावर येताना चित्र बाईच्या हातून पुरुषाच्या हातात गेले, पुसले जाणारे होते ते टिकणारे झाले, देवाचे होते ते विकण्याचे झाले. एवढी मोठी उलथापालथ ज्या कलेने पचवली तिला एका काचेची भीती का वाटावी? कागद हेही त्या काळी यंत्रच होते म्हणा ना.

आता काचेकडे वळू. पडद्यावर लेखणीने काढण्याची कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली प्रकाश-लेखणीने पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या होत्या, म्हणजे गंजाडला कागद पोहोचण्याच्याही आधी! २००२ साली मायक्रोसॉफ्टने लेखणीवर चालणारे संगणक बाजारात आणवले, ते फारसे चालले नाहीत. २०१० साली आयपॅड आला तो बोटासाठी होता. अ‍ॅपलने त्याला स्वतःची पेन्सिल दिली ती २०१५ मध्ये. हा इतिहास एवढ्यासाठीच सांगितला, की बोटाने चालणारा पडदा आणि लेखणीने चालणारा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदार त्या एकाच पाटीखाली विकतो.

खोक्यावर 'टच-स्क्रीन' लिहिले आहे म्हणजे त्यावर चित्र काढता येईल, असे समजून पैसे मोजणारे माझ्या ओळखीत तीन जण आहेत. बोटाचा पडदा बोटातली वीज ओळखतो. त्याला रबरी टोकाची स्वस्त काडी लावली तर तो तिलाही बोटच समजतो, जाड आणि आंधळे. तिने दाबले काय आणि नुसते टेकले काय, त्याला सारखेच. खऱ्या लेखणीसाठी काचेखाली वेगळी योजना असावी लागते. एका प्रकारात पडद्याच्या मागे तारांची जाळी असते, ती लेखणीला स्वतःच वीज पुरवते, म्हणून लेखणीत बॅटरी लागत नाही. वॅकॉम या जपानी कंपनीची ही पद्धत, आणि सॅमसंगच्या काही टॅबलेटांत मिळणारी लेखणीही याच जातीची. दुसऱ्या प्रकारात लेखणीत बॅटरी असते आणि ती पडद्याला खुणा पाठवते. बहुतेक टू-इन-वन लॅपटॉप या दुसऱ्या प्रकारचे. एका जातीची लेखणी दुसऱ्या जातीच्या पडद्यावर चालत नाही, आणि बरेचदा खोक्यात लेखणी नसतेच, ती वेगळी घ्यावी लागते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न 'रॅम किती?' हा नसावा. 'याला लेखणी कोणती चालते, आणि ती यात आहे का?' हा असावा. उत्तर देताना विक्रेता खोके उलटेपालटे करू लागला, की समजावे त्यालाही ठाऊक नाही.

जाहिरातीत लेखणीचे दाब मोजून सांगतात. ४०९६ पायऱ्या, ८१९२ पायऱ्या. ज्याला ब्रशाने मोराची मान रंगवायची आहे, बारीक रेघ फुगवत नेऊन पुन्हा बारीक करायची आहे, त्याला त्याचा उपयोग आहे. आपल्याला कितीसा? बांबूची काडी चावून तिचे टोक मऊ करतात, पिठात बुडवतात आणि ओढतात. ती काडी ब्रशासारखी फाकत नाही. तिच्या रेघेत जो जाड-बारीकपणा येतो तो दाबामुळे फार थोडा. तो येतो पीठ संपत आल्यामुळे. नुकतीच बुडवलेली काडी ओली, भरलेली रेघ देते. पाचवे-सहावे माणूस काढेपर्यंत ती कोरडी पडते, रेघ तुटक होते, खालचा गेरू दिसू लागतो. ही गंमत ८१९२ पायऱ्यांत कोठेच नाही. क्रिटा नावाचा चित्रांचा कार्यक्रम फुकट मिळतो, त्यात ब्रश स्वतः बांधता येतो, आणि रेघ लांबत जाईल तसा रंग विरळ व्हावा अशी सोय त्यात करता येते. मी दोन रविवार त्यात घालवले. पुष्कळ जवळ गेलो. आत्याने पाहून एवढेच म्हटले, "पीठ पातळ झालंय तुझं."

तर मग वारली काढणाऱ्याने लेखणीत पाहायचे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि त्या सगळ्या दुकानात उभ्या-उभ्या दहा मिनिटांत पाहता येतात. खिशात एक प्लास्टिकची फूटपट्टी न्यावी. पडद्यावर ती तिरपी ठेवावी आणि तिच्या कडेने अगदी सावकाश रेघ ओढावी. झटकन ओढलेली रेघ प्रत्येक यंत्रावर सरळ येते, विक्रेता तीच दाखवतो. सावकाश ओढलेली तिरपी रेघ पुष्कळ यंत्रांवर पाण्यातल्या सापासारखी नागमोडी येते. आणि आपली माणसे म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण! तिरप्या रेघेवाचून आपले एक माणूस उभे राहत नाही. इतरांचे या दोषाने थोडे बिघडत असेल, आपले सगळेच बिघडते. मग एक ठिपका द्यावा, लेखणी उचलावी, आणि बरोबर त्याच ठिपक्यावर पुन्हा टेकवून पाहावी. स्वस्त पडद्यात काच आणि चित्र यांत पोकळी असते, त्यामुळे टोक एकीकडे आणि रेघ केसभर दुसरीकडे उमटते. नंतर करंगळी आणि तळवा काचेवर टेकवून काढून पाहावे, कारण आपण कागदावर हात टेकूनच काढतो. तळव्याखाली भलतेच फराटे उमटू लागले तर यंत्र खाली ठेवावे. शेवटी रेघ टोकाच्या मागे रेंगाळते का ते पाहावे. दहा मिनिटे असे करू न देणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये, मग सवलत कितीही असो.

हे सगळे जमलेले यंत्रही आमच्या हवेत वेगळे वागते. पावसाळ्यात, किंवा समुद्राकडून दमट वारा सुटला म्हणजे हाताला घाम येतो. बोटाचा पडदा पाण्याचा थेंबही बोटच समजतो. जुलै महिन्यात माझ्या मित्राच्या यंत्रावर चित्र आपोआप मोठे-लहान होत असे, तेव्हा त्याच्या आजीने ते भुताचे ठरवून टाकले होते. उपाय सोपा आहे. काढताना बोटाचा स्पर्श बंद करून फक्त लेखणी चालू ठेवावी. म्हणजे पाहा, ज्या सोयीचे एवढे पैसे मोजले ती बंद केल्यावरच काम नीट होते.

आता पडद्याच्या आकाराविषयी, कारण माझा खरा आक्षेप येथे आहे. वारली चित्रकार मोठ्या कागदावर वाकतो तेव्हा त्याचा एक डोळा काडीच्या टोकावर आणि दुसरा साऱ्या गावावर असतो. तेरा इंची पडद्यावर चित्र चारपट मोठे करून आपण एका मासळीचे खवले काढत बसतो आणि गाव कोठे गेले ते विसरतो. जिव्या म्हशे यांचे मासेमारीचे जाळे पाहिलेल्या कोणालाही तसे जाळे काढावेसे वाटते. यंत्रावर ते काढता येते, आणि मोठे करून पाहिले की सुंदर दिसते. छापले की काळा, नव्हे गेरूचा, डाग! कारण कागदावरच्या छपाईत आपली पांढरी रेघ ही रेघ नसतेच. ती न छापलेली कागदाची पट्टी असते, आणि दोन्ही बाजूंची शाई पसरून ती पट्टी बुजते. काडीच्या टोकाला जे काढता येत नाही ते काडी काढू देत नाही. यंत्र सगळेच काढू देते. म्हणून मी कितीही घाई असली तरी दर अर्ध्या तासाने चित्र छपाईच्या खऱ्या मापात आणून पाहतो. ए-फोर कागदाला ३०० डीपीआयने २४८० गुणिले ३५०८ ठिपके लागतात, हे माप पहिल्याच दिवशी घालून घ्यावे. नंतर वाढवलेले चित्र म्हणजे पाणी घातलेली ताडी.

रंगाचेही तसेच. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर गेरू विटकरी तरी दिसतो किंवा गुलाबी तरी. जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असे असेल तर तो पडदा हिशेबाच्या कामाचा, रंगाच्या नव्हे. 'शंभर टक्के एसआरजीबी' हे शब्द शोधावेत. ते परवडत नसेल तर निराश होऊ नये. आमच्या दुकानात रंगांच्या छापील पट्ट्या टांगलेल्या आहेत. पडदा काय दाखवतो ते न पाहता पट्टीवरचा गेरू बोटाने दाखवून त्याचे आकडे घालतो, आणि कधी चुकत नाही.

आणखी एक बाब, जिच्याविषयी यंत्रांची माहिती देणारे कोणी बोलत नाही, ती म्हणजे मराठी अक्षर. डहाणू-तलासरीतल्या डिझाइनच्या कामात चार आण्यांचे चित्र आणि बारा आण्यांची अक्षरे असतात: लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, महालक्ष्मीच्या जत्रेचे स्वागत, पतसंस्थेचा अहवाल. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? आज 'मुक्त', 'बलू' असे चांगले देवनागरी टंक विनामूल्य मिळतात. परंतु जुन्या छपाईच्या दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे टंक चालतात, ते युनिकोड जाणत नाहीत, आणि फाइल या संगणकावरून त्या संगणकावर नेली की 'शुभविवाह' चा चिनी मंत्र होतो. टॅबलेटवरच्या काही सुंदर चित्र-कार्यक्रमांत मराठी लिहिले तर जोडाक्षरे सुटून पडतात. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी त्यावर 'वाऱ्यावरची ऱ्हस्व शृंखला' असे काही अर्थहीन लिहून पाहावे. 'वाऱ्या'तला र नीट उभा राहिला आणि ल, श आपल्या वळणाचे आले, तर पुढे जावे. इंकस्केप हा फुकट मिळणारा कार्यक्रम या परीक्षेत उत्तम पास होतो, आणि त्यातली रेघ कितीही मोठी केली तरी फाटत नाही, त्यामुळे कपाला आणि फ्लेक्सला एकच फाइल चालते. मात्र क्रिटा असो की इंकस्केप, दोन्ही खऱ्या संगणकावर पूर्ण ताकदीने चालतात, टॅबलेटवर नव्हे.

येथे माझ्या पहिल्या विधानाकडे येतो. टू-इन-वन का नको? मोडते म्हणून. म्हणजे सगळेच मोडते, पण त्यात काच, लेखणीची जाळी आणि पडदा हे तिन्ही एकमेकांना चिकटवलेले असतात. माझ्या एका वर्गमैत्रिणीचे असे यंत्र एस.टी.त पिशवीसकट पडले. कोपऱ्यात एक तडा गेला. दुरुस्तीला जे सांगितले ते नव्या यंत्राच्या निम्म्याच्या जवळ होते, आणि भाग यायला सव्वा महिना लागला. तेवढ्यात तिच्या हातची दोन कामे गेली. डहाणूहून विरारला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे, लॅमिंग्टन रोडवर दुकाने पालथी घालायची, यात एक दिवस जातो. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून निघणाऱ्याचे दोन दिवस आणि दोन दिवसांची मजुरी. आपल्यासारख्यांनी यंत्र घेताना ते किती वेगवान आहे यापेक्षा ते मोडल्यावर कोण उघडणार, हे आधी विचारावे. पुष्कळ बारीक यंत्रांत रॅम पाटावर डाग देऊन बसवलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही.

त्यापेक्षा साधा, जाड, उघडता येणारा लॅपटॉप घ्यावा, सोळा जीबी रॅमचा किंवा पुढे तेवढी घालता येईल असा, आणि त्याला एक पेन-टॅबलेट जोडावा. ही पडदा नसलेली काळी पाटी असते. लेखणी पाटीवर चालते, चित्र समोरच्या पडद्यावर उमटते. लहान पाटी तीन-चार हजारांच्या आसपास मिळते. तिच्या लेखणीत बहुधा बॅटरी नसते, तिच्यात काच नाही म्हणून तडा जात नाही, पडली तर उचलून पुसावी. लॅपटॉप मेला तर पाटी जिवंत राहते, पाटी मेली तर लॅपटॉप. दुमडणाऱ्या यंत्रात एक गेले की दोन्ही गेले. जुना लॅपटॉप घेणारांनी एवढे पाहावे की विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवला आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर त्यावर लिनक्स घालण्याची तयारी असेल तरच घ्यावे. क्रिटा आणि इंकस्केप तेथेही चालतात.

पाटीवर एक आक्षेप रास्त आहे, तो दडवणार नाही. हात खाली आणि डोळे वर, हे सुरुवातीला फार विचित्र वाटते. पहिले पंधरा दिवस माझी माणसे दारू प्यायल्यासारखी उभी राहत होती. कागदावर वर्षानुवर्षे काढलेल्या मोठ्या माणसाला हे कधीच रुचणार नाही, आणि त्याने ते शिकावे असा आग्रहही नको. त्याच्यासाठी पडद्यावरची लेखणीच बरी. जो जत्रेत, हॉटेलच्या आवारात बसून समोरच्या माणसाला तेथल्या तेथे चित्र काढून देतो, त्यालाही टॅबलेटच हवा, लॅपटॉप घेऊन तो कोठे बसणार? आणि पावसाळ्यात आमच्या पाड्यासारखी ज्यांची वीज दोन-दोन दिवस जाते त्यांना बॅटरी जास्त टिकणारा टॅबलेट अधिक उपयोगी, हेही मान्य. अशांनी लेखणी खोक्यातच देणारा टॅबलेट पाहावा. पण महाविद्यालयात शिकणारा, पुढे हेच काम करू इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर पंधरा दिवसांचा त्रास सोसावा. हात शिकतो.

यंत्राने एकच गोष्ट खरोखर बिघडते, आणि ती महाग यंत्रानेही बिघडते, स्वस्त यंत्रानेही. एक माणूस काढायचे आणि त्याच्या चाळीस नकला करून तारप्याभोवती गोल लावायच्या. कापडावर छापायचा तुकडा असेल तर नक्कल हवीच, ठसे मारणारेही तेच करत आले. परंतु तारप्याच्या नाचात कोणी नुकता येऊन मिळालेला असतो, कोणाचे पाऊल चुकलेले असते, शेवटचे पोर हात सुटू नये म्हणून धावत असते. आमच्या दुकानातली ती विकत आणलेली फाइल मी मोठी करून पाहिली होती. बत्तीस माणसे, बत्तीसही एकाच क्षणी एकाच पायावर. नाचत नव्हती, परेड करत होती. मी स्वतः एक नियम पाळतो: नाचाचे चित्र असेल तर नकलेची कळ वापरायची नाही. वेळ जास्त लागतो, गिऱ्हाईक जास्त पैसे देत नाही, आणि तरीही पाळतो.

जाता जाता एक विनंती. यंत्र हाताळल्याशिवाय घेऊ नका असे मी येथवर सांगत आलो, पण हाताळायचे कोठे? डहाणूच्या दुकानांत लेखणीचे यंत्र मांडलेले क्वचित दिसते, तलासरीत त्याहून क्वचित. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन संगणक गेल्या वर्षापासून झाकून ठेवलेले आहेत. त्यांवर क्रिटा आणि इंकस्केप घालून द्यायला मला एक दुपार पुरेल. चार लहान पेन-टॅबलेट घेतले तर त्यांची किंमत स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमीच होईल. पुस्तकासारखे ते आठवडाभर घरी नेण्याची मुभा असावी, म्हणजे पंधरा दिवसांचा तो त्रास कोणाला सोसतो आणि कोणाला नाही, हे घरचे पैसे खर्च होण्याआधीच कळेल. कपाटाला कुलूप लागेल असे ग्रंथपाल म्हणाले. कुलूप मी आणून दिले आहे, किल्ली त्यांच्याकडेच आहे.